लालडोळ्याचं वय

"बाई, तुमच्या मैत्रिणीचं टपाल," म्हणत शिपायानं जाडजूड पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं आणि एकदम गप्प झाला. त्यालाही आठवलं असावं. तीन आठवड्यांपूर्वी त्यानंच आणलेलं पत्र मी त्याच्यासमोर उघडलं होतं. त्यात दोनच ओळी होत्या. पलीकडच्या संस्थेतल्या ज्येष्ठ वाचक अल्पशा आजारानं वारल्या. त्यांच्या जागी कोण काम बघेल ते मागाहून कळवू.

पाकिटावरचं अक्षर तिचंच होतं, पेन्सिलीचं, उजवीकडे जरा कललेलं. साधं पत्र थेट येतं; अशा पाकिटाला मात्र तीन देशांच्या संयुक्त कचेरीतून फिरत फिरत इथं यायला दोन-अडीच महिने लागतात. म्हणजे हे पाकीट बंद केलं तेव्हा ती हिंडतीफिरती होती.

"आज नका उघडू," शिपाई म्हणाला. "उद्या बघा."

"उद्या काय ती कमी मेलेली असणार आहे?" मी म्हणाले. माझं बोलणं असंच आहे. लोकांना ते आवडत नाही आणि मलाही नंतर आवडत नाही.

मी माशांचं वय सांगते. अठ्ठावीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. माशाच्या डोक्यात, कानांच्या जागी, नखाएवढे दोन पांढरे दगड असतात. झाडाच्या खोडात असते तशी त्यांच्यात दरवर्षी एक कडी वाढते. धक्क्यावर मासे आले की आमची माणसं काही माशांचे दगड काढून छोट्या पाकिटांत घालतात आणि वर बोटीचं नाव आणि तारीख लिहितात. मी दगड काळ्या बशीत पाण्याखाली ठेवते, वरून दिवा सोडते, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावते आणि कड्या मोजते. ऑफिसात मला 'दगडवाल्या बाई' म्हणतात. नव्यानं लागलेल्यांना वाटतं, मला मूतखड्याचा त्रास आहे.

ज्या माशावर माझी नोकरी गेली त्याला बोटवाले लालडोळ्या म्हणतात. किनाऱ्यापासून दीड दिवसाच्या वाटेवर पाण्याखाली एक डोंगर आहे, त्याच्या उतारावर तो राहतो. डोंगर नेमका तीन देशांच्या मध्ये पडतो. तिघांच्याही बोटी तिथं जायच्या आणि तिघंही उरलेल्या दोघांना चोर म्हणायचे. एवढ्या भांडणात एकच गोष्ट शहाणपणाची ठरली होती. दरवर्षी आम्ही आणि पलीकडच्यांनी पन्नास-पन्नास दगड एकमेकांना पाठवायचे. माशाला दोन कान, म्हणून जोडीतला एक दगड तिच्याकडे राहायचा आणि दुसरा माझ्याकडे यायचा. दोघींनी एकमेकींचा आकडा न बघता वय लावायचं आणि कचेरीला कळवायचं. तिसऱ्या देशाकडे वाचक नव्हता. ते आमचा आकडा घ्यायचे.

बावीस वर्षांत मी तिला पाहिलं नाही. आवाजही ऐकला नाही. पाकिटात एखादी चिठ्ठी असायची, कचेरीच्या भाषेत, एका ओळीची. 'इकडे वारा फार आहे.' 'मला चष्मा लागला, तुम्हाला?' 'तुमच्या चौदा नंबरनं माझा अख्खा दिवस खाल्ला.' आणि पहिल्या वर्षीची, सर्वांत जुनी: 'तुम्ही दगड तोडून बघता का?'

मी तेव्हा तरुण होते आणि नियमपुस्तिका पाठ होती. मी रीतसर कळवलं की आमच्याकडे दगड अख्खाच वाचला जातो. तिनं परत कधी तो विषय काढला नाही. ती मात्र दगड मधोमध आडवा तोडायची, स्पिरिटच्या दिव्यावर तपकिरी होईपर्यंत भाजायची, वर तेलाचा थेंब सोडायची आणि तुटलेली बाजू बघायची. तिचे आकडे माझ्या तिप्पट-चौपट यायचे. आमच्याकडे त्यावर हसायचे. साहेब म्हणायचे, त्या बाईंना दगडांत पूर्वज दिसतात.

शिपाई गेल्यावर मी पाकीट उघडलं. पन्नास लहान पाकिटं होती. छत्तीसपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. सदतीस नंबरमध्ये अख्खा दगड नव्हता. अर्धा होता, तोडलेला, भाजलेला. बरोबर चिठ्ठी होती.

'याचा दुसरा अर्धा माझ्याकडे ठेवला आहे. सवड झाली की मोजा. घाई नाही. यालाही नव्हती.'

मी तो अर्धा तुकडा बशीत ठेवला नाही. पाकीट बंद केलं आणि नळाखाली हात धुऊन आले. तुकड्यात काय आहे हे मला ठाऊक होतं. अकरा वर्षांपासून ठाऊक होतं.

अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी माझ्या चिमट्यातून एक दगड निसटला आणि फरशीवर पडून दुभंगला. वरून वाचून मी त्याचं वय लिहून ठेवलं होतं, तेरा. तुकडे उचलताना कड चमकली. तिची जुनी चिठ्ठी आठवली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणून गंमत म्हणून मी तुकडा दिव्यावर धरला, तेल सोडलं आणि बघितलं. तेराव्या कडीपाशी दगड रुंद व्हायचा थांबला होता, पण वाढायचा थांबला नव्हता. तो जाड होत गेला होता. पुढच्या कड्या आतल्या आत, एकीवर एक, केसासारख्या बारीक बसल्या होत्या. मी तीनदा मोजलं. एक्केचाळीस.

वरून बघणाऱ्याला लालडोळ्या तेराचाच दिसतो, मग तो तेराचा असो नाहीतर साठीचा. आणि जो मासा तेरा-चौदा वर्षं जगतो तो लवकर वाढतो, लवकर पिल्लं घालतो, त्याला कितीही धरलं तरी चार वर्षांत पाणी पुन्हा भरतं. माझ्या आकड्यावर आमच्या देशानं तेवढा मासा धरायची परवानगी दिली होती. जो साठ वर्षं जगतो त्याची गोष्ट वेगळी. त्याला पिल्लं घालायलाच पंचवीस वर्षं लागतात.

त्या संध्याकाळी वर्षाचा तक्ता द्यायचा होता. दादाची नवी बोट महिन्याभरापूर्वी पाण्यात उतरली होती. लग्न मोडून आल्यापासून मी दादाच्याच घरी राहते. बोट घ्यायच्या आधी त्यानं मला विचारलं होतं, "धाकटे, तू शिकलेली. डोंगरावर मासा आहे ना अजून?" आणि मी म्हणाले होते, भरपूर आहे. आणखी एक कारण होतं, तेही सांगून टाकते. सतरा वर्षं आपलं चुकत होतं हे लिहायला माझा हात धजावला नाही. मी तेरा तसंच ठेवलं, तुकडे औषधाच्या रिकाम्या डबीत टाकले आणि मूग गिळून बसले.

तीन वर्षं जाळी भरून आली. मग अर्धी. मग नुसते तीन-चार बोटांएवढे. आठव्या वर्षी दादाची बोट तोडणाऱ्यांनी नेली. तेव्हापासून तो घरी आहे. पहाटेचा उठतो, अंघोळ करतो, बूट घालतो आणि ओसरीवर बसतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगतो, "पलीकडच्यांनी समुद्र खरवडून नेला. चोर साले." रोज सांगतो. मी डबा घेऊन त्याच्या शेजारून जाते.

त्या आठवड्यात उरलेले एकोणपन्नास दगड मी वाचत होते. आमच्या सूक्ष्मदर्शकाला, नवख्यांना शिकवता यावं म्हणून, समोरून दुसरी नळी आहे. अनेक वर्षांत तिला कुणी डोळा लावलेला नाही. पण मला सारखं वाटायचं, समोर कुणीतरी बसलंय. मी मोजतेय, तीही मोजतेय. मी तेराला थांबते, ती थांबत नाही. एकदा मी मान वर करून बघितलंसुद्धा. समोर भिंतीवर आगीच्या वेळी काय करावं याच्या सूचना होत्या. घरी भांडी घासताना माझ्या तोंडून आकडे यायला लागले. चौदा, पंधरा, सोळा.

"काय पुटपुटताय?" वहिनीनं विचारलं.

"ताटं मोजतेय."

"तीन माणसांची ताटं? एवढी?"

मी नळ मोठा केला.

बैठक पुढच्या मंगळवारी होती आणि यंदा आमच्या संस्थेत होती. डोंगर पंचवीस वर्षं पूर्ण बंद ठेवायचा, तिघांनीही, असा पलीकडच्यांचा प्रस्ताव होता. आमचं म्हणणं पाच वर्षं पुरे. साहेबांनी मला आदल्या दिवशी बोलावून चहा पाजला. साहेब वाईट माणूस नाहीत. आमच्या धक्क्यावर आता तीसच बोटी उरल्यात, त्यांतल्या निम्म्या नाखव्यांना ते नावानं ओळखतात.

"तुम्हाला फक्त माझ्या मागे बसायचंय," ते म्हणाले. "विचारलंच कुणी, तर म्हणायचं, आमचं वाचन कायम आहे. एवढंच."

"आणि त्यांच्या बाईंचं वाचन?"

"एकटीचं वाचन होतं ते. त्या गेल्या बिचाऱ्या. आता कोण उभं राहणार त्या आकड्यांमागं?" त्यांनी कप खाली ठेवला. "पंचवीस वर्षं, बाई. या तीस बोटींनी करायचं काय तोवर? पोरांना काय सांगायचं त्यांनी?"

मी दोन्ही कप उचलून बाहेर नेऊन ठेवले.

मंगळवारी वरच्या दालनात तिन्ही देशांची माणसं बसली. तिसऱ्या देशाचे प्रमुख लठ्ठ होते आणि दर दोन वाक्यांना खोकत होते. पलीकडच्यांचे प्रमुख सडपातळ, थकलेले. साहेबांनी छान मांडणी केली. अठ्ठावीस वर्षांचा अनुभव असलेल्या आमच्या वाचक, असं ते माझ्याकडे हात करून म्हणाले तेव्हा सगळ्यांनी माना वळवल्या. मला कुणीतरी चारचौघांत पदर ओढल्यासारखं झालं.

मग पलीकडचे प्रमुख उठले. "आमच्या बाई आता बोलू शकत नाहीत," ते म्हणाले. "पण शेवटपर्यंत त्या सांगत होत्या, समोरच्या बाईंना एकदा विचारा. त्या प्रामाणिक आहेत, म्हणायच्या. म्हणून विचारतो. लालडोळ्याचं तुमचं वाचन आजही तेरा-चौदाच आहे?"

प्रामाणिक हा शब्द तिनं कशावरून वापरला असेल? बावीस वर्षांत मी तिला काय दिलं होतं? 'आपले पाकीट मिळाले.' 'आकडे कचेरीला कळवले.' आणि एकदा, 'होय, मलाही चष्मा लागला.' तेवढ्यावर तिनं मला प्रामाणिकांत जमा केलं होतं.

मी उभी राहिले. साहेबांनी मागे न वळता मान हलवली, म्हणजे बोला.

"नाही," मी म्हणाले. "तेरा चूक आहे. मला हे अकरा वर्षांपासून माहीत आहे."

खोकणारे प्रमुख खोकायचे थांबले.

"हातच्या काकणाला आरसा कशाला," मी पुढं म्हणाले आणि दुभाष्या गोंधळून माझ्याकडे बघायला लागला, म्हणून साधं सांगितलं. "खाली चला. दाखवते."

दोघांपुरत्या माझ्या खोलीत आम्ही बारा जण उभे राहिलो. मी आमच्याच कपाटातून आमच्याच बोटीच्या माशाचा दगड काढला, ज्यावर माझ्या अक्षरात तेरा लिहिलं होतं. दिवा हातात धरायला कुणी हवं होतं, तर खोकणारे प्रमुख पुढं झाले आणि श्वास रोखून उभे राहिले. दगड तुटला. भाजल्याचा वास आला, केस जळल्यासारखा. मी या नळीला बसले आणि समोरच्या नळीला पलीकडचे प्रमुख. त्यांना मोजायची सवय नव्हती, म्हणून मी सुईनं एकेक कडी दाखवत गेले. ते त्यांच्या भाषेत मोठ्यानं मोजायला लागले. मागं उभ्या असलेल्या तिसऱ्या देशाच्या एका माणसानं त्याच्या भाषेत आकडा धरला. मग आमच्यातलंही कुणी सामील झालं. तेरापर्यंत तीन भाषांत एकच आकडा चालला होता. विशीनंतर आवाज कमी होत गेले. तिशीनंतर फक्त समोरचे प्रमुख मोजत होते, तेही ओठांतल्या ओठांत. पंचेचाळीसला कड आली.

त्यांनी नळीवरून डोळा काढला तरी कुणी दार उघडलं नाही. चार वाजता वर जाऊन त्यांनी पंचवीस वर्षांच्या कागदावर सह्या केल्या. पुढं तिन्ही देशांच्या वाचकांनी एकत्र बसून दगड तोडूनच वाचायचे, असं कलम त्यात घातलं. इतकी वर्षं तंडून जे जमलं नव्हतं ते तासाभरात झालं, आणि हे अकरा वर्षांपूर्वी होऊ शकलं असतं. तेव्हा डोंगरावर मासा होता.

साहेब मला जिन्यात भेटले. "अकरा वर्षं, बाई?" एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. माझी चौकशी लागणार होती. कपाटाच्या किल्ल्या शुक्रवारी परत करायच्या होत्या.

घरी दादा जेवत होता. वहिनी वाढत होती. मी हात न धुताच समोर बसले.

"दादा, पलीकडच्यांनी नाही नेला समुद्र. म्हणजे त्यांनीही नेला. पण माझा आकडा चुकीचा होता. मला कळलं होतं आणि मी बोलले नाही. तुझी बोट आली त्याच महिन्यात."

त्याचा हात ताटातच राहिला. वहिनी पातेलं धरून उभी.

"मी विचारलं होतं तुला," तो म्हणाला.

"हो."

"तू भरपूर म्हणालीस."

"विचारलंस तेव्हा मला तसंच वाटत होतं. महिन्याभरानं कळलं."

"मग तेव्हा सांगायचंस, धाकटे. बोटच होती ती. परत दिली असती." त्यानं ताट सरकवलं. रागानं नव्हे, वहिनीला नीट उचलता यावं असं सरकवलं. मग उठून गेला. बुधवारी तो माझ्याशी बोलला नाही. ओसरीवर बसला, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला काही सांगितलं नाही. ते ऐकायची मला इतकी सवय होती की डबा घेऊन जाताना मी त्याच्या शेजारी थांबलेच.

गुरुवारी दुपारी फाटकावरच्या पहारेकऱ्याचा फोन आला. "बाई, तुमचे भाऊ आलेत."

अठ्ठावीस वर्षांत तो माझ्या ऑफिसात कधी आला नव्हता. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. दारातच त्यानं बूट काढायला घेतले.

"राहू दे," मी म्हणाले.

"दाखव मला," तो म्हणाला. "माझ्या बोटीचा आहे का एखादा?"

होता. त्याच्या बोटीचा एक अख्खा खण होता. मी पहिलं पाकीट काढलं. त्यावरचं बोटीचं नाव त्यानं वाचलं, तारीख वाचली, माझं तेरा वाचलं. दगड तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिला.

"कसा तोडायचा?"

"अंगठ्याच्या नखानं दाब द्यायचा. मधोमध. तुझं नख जाड आहे, जमेल."

जमलं. मी भाजलं, तेल सोडलं, त्याला माझ्या खुर्चीवर बसवलं आणि मी समोरच्या नळीपाशी बसले. सुई बाहेरच्या कडेवर ठेवली.

"इथं धरला याला. तुझी बोट आली ते वर्ष. आता आत जायचं, एकेक."

तो नुसते आकडे मोजेना. त्याला तसं जमेना. "हे बोट आली ते," तो म्हणाला. "हे त्याच्या आधीचं." सुई आत सरकत गेली. मग, "चौदावं ना हे? तू परत आलीस तेव्हाचं." माझी सुई थांबली, त्यानं खूण केली, पुढं. "हे बाबा गेले." पुढं. "हे मी पहिल्यांदा डोंगरावर गेलो." त्याचा आवाज बारीक होत चालला. "हे शाळा सोडली." मग बराच वेळ नुसत्याच कड्या. "हे मी झालो ते वर्ष."

मी सुई हलवली नाही.

"अजून आहेत, धाकटे," तो म्हणाला.

"हो. मोज."

अजून चौदा होत्या. तो चौदाही मोजून झाला आणि नळीला डोळा लावून तसाच बसून राहिला. मी समोरून त्याच्याकडे बघू शकले असते, बघितलं नाही. आम्ही दोघं त्याच एका तुकड्याकडे बघत होतो.

मग त्यानं माझी पेन्सिल मागितली. पाकिटावर वाचकाशिवाय कुणी लिहायचं नसतं, पण मी दिली. त्यानं माझ्या तेरावर एक सरळ रेघ मारली आणि खाली मोठ्या, शाळेतल्यासारख्या अक्षरात त्रेसष्ट लिहिलं. दोन्ही तुकडे पाकिटात परत घातले. मग खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली आणि हात पुढं केला.

"दुसरा दे," तो म्हणाला.